नाचणीच्या डब्यात लपवलेला मी

मित्रांनो, आधीच सांगतो, माझ्याकडे बघून कुणाचे डोळे दिपावेत असं माझं रूप नाही. मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. तळहातावर मावेन एवढा, करड्या रंगाचा, आणि पाठीवरचं बॅटरीचं झाकण चिकटपट्टीनं कसंबसं धरून ठेवलेलं. माझ्या तोंडात पातळ पट्टी घालायची, तिला बोटातल्या रक्ताचा एक थेंब लावायचा, की त्या रक्तात साखर किती ते मी सांगतो. एवढंच मला येतं. लोकांना मात्र वाटायचं, मला सगळंच कळतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तसं वाटू लागलं होतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं माझ्यासारखी ढिगानं भावंडं होती. आम्हा प्रत्येकाला रक्तासारख्या लाल पाण्याचा थेंब पाजून पाहिलं, आणि ज्यांचा आकडा बरोबर आला त्यांना खोक्यात बसवलं. मग जहाज, मग ट्रक, आणि शेवटी किलिमांजारो डोंगराच्या उतारावर, केळीच्या बागांमध्ये दडलेलं एक मिशनचं इस्पितळ. तिथं मला सिस्टर ग्लोरियोसानं ताब्यात घेतलं.

सिस्टर ग्लोरियोसा गरोदर बायकांचा दवाखाना सांभाळायची. अंगानं भरलेली, पायात पांढरे बूट, आणि आवाज असा की ती एकीला बोलली तरी रांगेतल्या शेवटच्या बाईला आपल्यालाच रागावली असं वाटावं. गरोदरपणात ज्या बायकांना साखरेचा आजार निघायचा, त्यांना ती आमच्यापैकी एकेक मशीन घरी वापरायला द्यायची. बाळंतपण झालं, बाळाची दीड महिन्याची लस झाली, की मशीन परत. अशा कितीतरी घरांत मी राहून आलो. आकडा चांगला आला की नवरे माझी पाठ थोपटायचे, जणू साखर मीच कमी केली होती. एका म्हाताऱ्यानं तर मला केळ्याच्या दारूचा घोट पाजायचा बेत केला होता. त्याच्या सुनेनं वेळेवर उचललं म्हणून वाचलो. ती वर्षं माझ्या चैनीची होती.

मग एकदा शहरातून एक मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी सगळ्या नर्सना बसवून समजावलं. "गरोदरपणी जिला साखर होते, तिचं मन बाळंतपणानंतर खचायची भीती इतरांपेक्षा जास्त असते," त्या म्हणाल्या. "कोण खचेल ते आधी ओळखा. खचून आडवी पडल्यावर धावून काय उपयोग?" त्यांनी काही प्रश्न शिकवले. झोप लागते का, उगाच रडू येतं का, पूर्वी कधी मन असं बसलं होतं का, घरात मनातलं बोलायला कुणी आहे का.

सिस्टरनं हे फार मनावर घेतलं. उत्तरं ऐकून जिची काळजी वाटेल, तिच्या मशीनच्या पिशवीला ती लाल दोरा बांधायची. लाल दोऱ्याच्या घरी बाळंतपणानंतर आरोग्यसेविका चक्कर मारून यायची. बाकीच्यांना पांढरा दोरा. पांढरा म्हणजे बिनघोर, तिकडे जायची गरज नाही. सिस्टरला आपल्या दोऱ्यांचा मोठा अभिमान होता, आणि तो अभिमान आम्ही पिशवीवर मिरवायचो.

अशात मकुंडे आली.

मकुंडे डोंगराच्या पलीकडच्या अंगाची. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. शिवणकाम करून पोट भरणारी ही पोर लग्न होऊन या गावात आली होती. नवरा फिलेमोन अरुशा शहरात वेल्डिंगच्या दुकानात होता, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा. घरात ती आणि सासू अनान्सिया. सातव्या महिन्यात तिची साखर निघाली. सिस्टरनं तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, पडदा ओढला आणि हळू आवाजात सांगितलं.

मकुंडेचा चेहरा पडला. "सिस्टर, हा तर पोट सुटलेल्या साहेबलोकांचा रोग. मी असं काय खाल्लं?"

"तू काही चोरून खाल्लं नाहीस गं. गरोदरपणात कुणालाही होतो. नीट खा, रोज बोट टोचून बघ, बहुतेक बाळंत झाल्यावर जाईल."

"बहुतेक?"

"बहुतेकींचा जातो. नंतर एकदा तपासायचं. आणि पुढं आयुष्यभर जरा जपायचं."

"घरी कुणाला सांगू नका. माझं मी सांगेन," मकुंडे म्हणाली आणि तिनं मला ओटीत असं लपवलं, जणू मी बाजारातून उचलून आणलेला माल होतो.

तेवढ्यात डॉक्टरांना खोली हवी झाली. मनाचे प्रश्न राहिले होते. सिस्टरला वाटलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? ती मकुंडेला घेऊन बाहेर व्हरांड्यात आली आणि बाकावर बसली. बाकावर सासू अनान्सिया होतीच. आमच्याकडे पोटुशी सून एकटी दवाखान्यात जात नाही. तशी पाठवली तर गाव सासूच्या नावानं बोटं मोडतं.

"झोप कशी लागते, मकुंडे?"

"तिला?" उत्तर सासूनंच दिलं. "कोंबडा ओरडून ओरडून दमतो, पण ही कूस बदलत नाही."

रांगेतल्या बायका हसल्या. मकुंडेही हसली.

"उगाच रडू येतं का कधी?"

"माझ्या घरात रडायला काय झालंय तिला?"

"आई, मी तिला विचारतेय."

"नाही येत, सिस्टर," मकुंडे म्हणाली.

"मनातलं बोलायला घरात कुणी आहे?"

मकुंडेनं सासूकडे पाहिलं. सासू शेजारी मांडीला मांडी लावून बसली होती. "आई आहेत ना," ती म्हणाली.

"बघा!" अनान्सिया अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली.

सिस्टरनं माझ्या पिशवीला पांढरा दोरा बांधला. साखरेची गोष्ट दाराआड, पडद्याआड, आणि मनाची गोष्ट उघड्या बाकावर. तेव्हा यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही.

"काय दिलं गं सिस्टरनं?" वाटेत सासूनं विचारलं.

"रक्तवाढीच्या गोळ्या," मकुंडे म्हणाली.

घरी आल्यावर तिनं मला आपल्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात, नाचणीत खुपसलं. ही नाचणी सासूनं बाळंतिणीच्या बाजाराच्या दिवसासाठी राखून ठेवली होती. आमच्याकडे पहिलटकरीण तीन महिने घराबाहेर पाऊल टाकत नाही. तिनं पडून राहायचं आणि खायचं. मग एके दिवशी नटूनथटून, गोल गोबरी होऊन ती बाजारात जाते, बायका तिच्यासाठी गाणी म्हणतात, आणि घरात केळ्याच्या दारूत मोड आलेली नाचणी घालून सगळ्यांना पाजतात. तोवर त्या डब्याला कुणी हात लावत नाही. मकुंडेला माझ्यासाठी दुसरी जागा सापडली नाही.

तिथं अंधारात, दाण्यांमध्ये पडल्या पडल्या मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली. दुसऱ्या घरांत मी कपाटावर, देवाच्या तसबिरीशेजारी राहिलो होतो. इथं सासूची पावलं वाजली की माझ्यावर घाईघाईनं मूठभर नाचणी पडायची. ज्याला बघून एखादीला चोरासारखं वाटतं, ते कसलं औषधपाण्याचं यंत्र?

बाळ झालं. मुलगा. एवढा मोठा की दाई म्हणाली, हा दात घेऊनच आला असेल, बघा तोंडात. आजोबांचं नाव ठेवलं, एलिया. बाया बघायला येत आणि तोंडभर कौतुक करत. "अगं अनान्सिया, हे बाळ आहे की बोकड!" शेजारीण वेरोनिका म्हणाली. "सुनेला काय खायला घालत होतीस?"

"जे आहे ते," सासू फुशारून म्हणायची. "माझा हातच तसा आहे."

पण इस्पितळात एका डॉक्टरनं दुसऱ्याला सांगितलेलं मकुंडेनं ऐकलं होतं, साखरेमुळे बाळ एवढं वाढलंय. त्यामुळे बाळाचं प्रत्येक कौतुक तिला तोंडात मारल्यासारखं लागायचं. बाया हसत निघून गेल्या की ती भिंतीकडे तोंड करायची.

आणि मित्रांनो, इथंच सगळे फसले. बाळंतिणीनं दिवसभर पडून राहावं ही आमच्याकडे रीतच आहे. ती बोलली नाही, तर थकली असेल. उठली नाही, तर चांगलंच आहे, अंग भरेल. बाळ सासूनं सांभाळलं, तर ते सासूचं कामच. दुसऱ्या कुठल्या गावात सून अशी दिवस दिवस भिंतीकडे बघत राहिली असती, तर कुणीतरी विचारलं असतं, बाई, तुला झालंय तरी काय? आमच्या घरात सगळे समाधानानं माना डोलवत होते. "किती शहाणी सून," वेरोनिका म्हणायची. "माझी दुसऱ्या दिवशी फोन घेऊन अंगणात नाचत होती."

अनान्सिया वाईट होती असं समजू नका. दिवसातून कितीतरी वेळा ती मटोरी घेऊन यायची. मटोरी म्हणजे कच्ची केळी आणि मटण एकत्र शिजवून घोटलेलं दाट कालवण, बाळंतिणीचं खास अन्न. वर दूध, वर लोणी. "खा पोरी, खा. बाजारात तुला बघून बायकांनी माझं नाव काढलं पाहिजे," ती म्हणायची, वाडगं ठेवायची आणि बाळाला घेऊन बाहेर जायची. बाळंतिणीला निवांत जेवू द्यावं म्हणून.

ती गेली की मकुंडे वाडग्याकडे बघत बसायची. केळी म्हणजे साखर. दूध म्हणजे साखर. तिच्या डोक्यात ते घट्ट बसलं होतं. मग ती उठायची आणि मागची खिडकी उघडून वाडगं गाईच्या गव्हाणीत रिकामं करायची. आमच्याकडे गाय घरालगतच बांधलेली असते, तिला चारा डोक्यावरून आणून घालतात. त्या गाईनं मटणासकट सगळं चाटूनपुसून खाल्लं, एकदाही तक्रार केली नाही. मकुंडेच्या अंगावर दोन-तीन रंगीत कापडं गुंडाळलेली असत, त्यामुळे आतून काय उरलंय ते दिसायचं नाही.

"अनान्सिया, तुझ्या गाईला काय तकाकी आली गं!" वेरोनिका एकदा गोठ्यात डोकावून म्हणाली. "बाळंतीण कोण, सून की ही?"

दोघी पोट धरून हसल्या. खिडकीच्या आत मकुंडे उशीत तोंड खुपसून पडली होती.

एकांत मिळाला की ती मला नाचणीतून काढायची. बोट टोचायची. आकडा चांगला यायचा, अगदी निरोगी माणसाचा. साखर गेली होती, मित्रांनो! मी तिला अगदी स्पष्ट सांगत होतो. पण तिचा विश्वास बसायचा नाही. ती पुन्हा टोचायची, दुसऱ्या हाताचं बोट, मग तिसरं. पट्ट्या संपल्या. पट्टीशिवाय मी मुका. तरी ती सुई घेऊन बोट टोचायची आणि रक्ताच्या त्या थेंबाकडे नुसती बघत राहायची. मग थेंब कापडाला पुसायची.

ती बाळाला घ्यायची नाही. दूध पाजायला सासू आणून द्यायची तेव्हा तेवढं पाजायची, तेही छताकडे बघत. एकदा बाळाशी एकटीच असताना ती हळूच म्हणाली, "तुला चांगली आई मिळाली असती रे." मी ते ऐकलं. मी ऐकून काय करणार? साखर विचारा, सांगतो. त्या पोरीच्या जिवावर काय बेतलंय ते सांगायला माझ्याकडे आकडाच नव्हता, आणि माझ्या पिशवीवर मात्र बिनघोरचा पांढरा दोरा होता. तो दोरा मला टोचत होता.

फिलेमोनचा फोन आला की सासू फोन तिच्या कानाला लावायची. "बाळ किती जाड झालं?" तो विचारायचा. "खूप," ती म्हणायची. "आणि तू?" "मी पण." झालं. फोन परत सासूकडे.

बाळाची दीड महिन्याची लस आली. बाळंतीण बाहेर पडत नाही, तेव्हा बाळाला घेऊन गेली सासू. पुढचं मला नंतर सिस्टरच्याच तोंडून कळलं. रांग मोठी होती. सिस्टरनं बाळाला टोचलं, बाळानं अंगण दणाणून सोडलं, बायका हसल्या.

"आणि आई, मकुंडेला दिलेलं मशीन?" सिस्टरनं घाईत विचारलं. "आणलंत का? दुसऱ्या बाईला द्यायचंय."

"कसलं मशीन?"

"साखरेचं हो. तिला गरोदरपणात साखर होती ना, ते."

रांगेतल्या बायका माना वळवून बघू लागल्या. अनान्सिया बाळाला थोपटत होती, तिचा हात थांबला. "माझ्या सुनेला?" ती म्हणाली. "असेल, असेल. विसरले मी," असं पुटपुटत तिनं बाळ पाठीला बांधलं आणि मान खाली घालून निघाली. मागं वेरोनिका होती, तिच्या नातवाची लस होती. म्हणजे आता गावाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

घरी आली ती वादळासारखी. खोलीतलं गाठोडं उचकटलं, गादीखाली हात घातला, आणि शेवटी डब्याचं झाकण काढून नाचणी जमिनीवर ओतली. दाण्यांबरोबर मी घरंगळत तिच्या पायाशी आलो.

"हे?" ती ओरडली. "माझ्या सणाच्या नाचणीत हे? साखरेचा रोग, माझ्या घरात, आणि मला रांगेत कळावं? सगळ्या बायकांसमोर? मी तुला आई म्हणून घेतलं, आणि तू गावात माझं हसं केलंस!"

मकुंडे उठून बसली.

"गप्प बसून राहा! तेवढं छान जमतं तुला. खायचं आणि गप्प बसायचं. तुझ्या आईनं काही शिकवलंच नाही, शिकवणार कधी म्हणा!"

हे शेवटचं बोलायला नको होतं. तिलाही ते बोलता बोलता कळलं असावं, कारण तिचा आवाज मध्येच तुटला. तिनं मला मकुंडेच्या हातात कोंबायला तिचा हात धरला, आणि तिचं लक्ष बोटांकडे गेलं. दहाही बोटांच्या टोकांवर काळे-तांबडे टिपके. तिनं हात वर केला, तसं कापड खांद्यावरून सरकलं. खांद्याचं हाड वर आलेलं. सासूनं स्वतःच्या हातानं दुसरं कापड बाजूला केलं, आणि तिला बरगड्या दिसल्या.

"अगं... मी रोज... अगं, तू जेवत होतीस ना?"

मकुंडेनं खिडकीकडे पाहिलं. पलीकडे गाय निवांत रवंथ करत होती.

"मला भीती वाटते, आई," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "खायची भीती वाटते. त्याला उचलायची भीती वाटते. मला त्याच्याबद्दल काही वाटतच नाही. बाया म्हणतात किती गोड, मी बघते आणि काही वाटत नाही. तुम्ही सांभाळा त्याला. मी नसले तर सगळ्यांना बरं पडेल."

अनान्सिया नाचणीवरच खाली बसली. बराच वेळ ती जमिनीवरचे दाणे मुठीत घेत होती आणि सोडत होती. त्या दिवशी तिनं स्वयंपाकाला हात लावला नाही. बोट टोचायच्या सुयांची डबी तिनं आपल्या कमरेला खोचली आणि झोपायला आपली चटई सुनेच्या दाराशी आडवी टाकली.

सकाळी ती अंगणात गेली आणि कुंपणावरच्या इसाले नावाच्या झुडपाचं एक लांब हिरवं पान तोडून आणलं. आमच्या भागात हे पान हातात घेऊन कुणी समोर आलं, की तो माफी मागायला आला असं समजतात, आणि त्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. धाकट्यानं थोरल्याकडे न्यायचं ते पान. सासूनं सुनेसमोर धरल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

"घे," ती म्हणाली. तिची नजर वर होत नव्हती. "तुझ्या आईवरून बोलले. आणि त्या बाकावर तुझ्या तोंडातलं बोलणं मीच हिसकावलं. मला वाटलं, मी तुझं नाव राखतेय."

मकुंडेनं पान घेतलं. रडली नाही. पण घेतलं.

"आता चल, दवाखान्यात जाऊ."

"आई, अजून तीन महिने झाले नाहीत. आणि मी अशी..." मकुंडेनं आपल्या अंगाकडे पाहिलं. "लोक म्हणतील, तुम्ही मला उपाशी मारलंत."

"म्हणू देत."

"आज बाजार आहे."

"मग काय गायीला पाठवू?" अनान्सिया खेकसली, आणि तिनं बाळ पाठीला बांधलं.

मला तिनं लपवलं नाही. पिशवीची दोरी मनगटाला गुंडाळून ती मला उघड्यावर घेऊन निघाली. दवाखान्याची वाट बाजारातूनच जाते. मित्रांनो, ज्या बाजारात सुनेला वाजतगाजत न्यायचं तिनं मनात किती दिवस ठरवलं होतं, तिथून ती एका हाडांच्या सापळ्याला हात धरून घेऊन गेली. केळ्यांच्या ढिगांमागच्या बायका एकेक करून गप्प झाल्या. कुणी गाणं म्हटलं नाही. अनान्सियाच्या मानेवर घाम फुटला होता, पण तिनं सुनेचा हात सोडला नाही.

वेरोनिकाला राहवलं नाही. "अगं अनान्सिया, दीड महिना पोसलंस ते कुठं गेलं गं?"

अनान्सिया थांबली. तिला पाहिजे असतं तर ती म्हणू शकली असती, सूनच नाटकी आहे, अन्न टाकते, रोग लपवते. सगळ्यांनी माना हलवल्या असत्या आणि सासूचं नाव राहिलं असतं.

"गाय पोसली मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझी सून आजारी आहे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर आजारी होती, आणि मला दिसलं नाही. अजून काही विचारायचंय?"

वेरोनिकानं मान खाली घातली. मग आपल्या टोपलीवरचं जाड कापड काढून तिनं मकुंडेच्या खांद्यावर टाकलं आणि मुकाट्यानं बाळासाठी हात पुढे केले. "दे इकडे. चढण आहे पुढं. मी आणते."

दवाखान्यात सिस्टर ग्लोरियोसानं मकुंडेला पाहिलं, मग माझ्या पिशवीवरचा पांढरा दोरा पाहिला. नेहमीचा तो मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे.

ती मकुंडेला आतल्या खोलीत घेऊन गेली. मागून सासूही निघाली, सवयीनं. सिस्टरनं दारातच तिला अडवलं. "आई, तुम्ही बाहेर बसा."

"मी तिच्या आईसारखी आहे."

"म्हणूनच सांगते. बाहेर बसा."

अनान्सियानं मला सिस्टरच्या हातात दिलं आणि ती बाकावर जाऊन बसली. सिस्टरनं दार लावलं, पडदा ओढला आणि मला टेबलावर उपडं ठेवलं. त्या दिवशी तिनं बोट टोचलं नाही. खुर्ची जवळ ओढली आणि तेच जुने प्रश्न विचारले, झोप लागते का, रडू येतं का. आणि शेवटी, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का, तेही सरळ विचारलं.

सिस्टरनं उत्तराची घाई केली नाही. बाहेर रांग कुरकुरत होती.

"मला लाज वाटते," शेवटी मकुंडे म्हणाली.

"मलाही," सिस्टर म्हणाली. "सगळं बाकावर विचारून मोकळी झाले होते मी. तू आता सांग. कुणी ऐकत नाहीये."

मग मकुंडे रडली. बाळ झाल्यापासून पहिल्यांदा. आणि बोलली. काय बोलली ते मी सांगणार नाही, ते त्या खोलीतलंच आहे.

मकुंडे लगेच बरी झाली असं सांगितलं तर ते खोटं होईल. तिला काही दिवस इस्पितळात ठेवलं, औषधं दिली, दर आठवड्याला तिच्याशी बोलायला कुणीतरी घरी जायचं. फिलेमोन कामावरून रजा घेऊन आला आणि त्याला बाळाचे लंगोट धुवावे लागले. तो बरा धुतो असं ऐकलं. मटोरी कशी खायची, किती खायची, ते सिस्टरनं सासू-सुनेला एकत्र बसवून समजावलं. मकुंडे बाजारात गेली ती फार उशिरा, पाच महिन्यांनी, आणि काही गोबरी होऊन नाही. पण बाळ तिच्या पाठीवर होतं, आणि त्याची मान एका बाजूला कलली की ती हात मागं नेऊन ती सरळ करत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी आता म्हातारा झालो. माझ्या पट्ट्या बाजारात मिळेनाशा झाल्या, नवी मशीनं आली, आणि मी सिस्टरच्या टेबलाच्या खणात कात्री आणि जुन्या पेनांबरोबर पडून असतो. तिथून मला सगळं ऐकू येतं. सिस्टर आता पांढरा दोरा बांधतच नाही. साखर निघालेल्या प्रत्येक बाईच्या घरी बाळंतपणानंतर कुणीतरी जातंच, आणि प्रश्न एकदा विचारून संपत नाहीत, पुन्हा विचारले जातात. डॉक्टरीणबाईंचे प्रश्न चांगलेच होते. ते कुठं आणि कुणासमोर विचारायचे, एवढंच आम्हाला कळलं नव्हतं.

मित्रांनो, मला कुणी जपलं नाही तरी चालेल, मी पत्रा आणि प्लास्टिक आहे. पण तुमच्या घरी, शेजारी कुणी बाळंतीण असेल तर बाळाचे गाल ओढायच्या आधी तिच्याजवळ बसा. तिचं तोंड भिंतीकडे असेल तर ती दमली असेल असं मनाशी ठरवून उठू नका. कशी आहेस, असं विचारा आणि उत्तरासाठी थांबा. आणि तिच्या शेजारी मांडीला मांडी लावून दुसरं कुणी बसलं असेल, मग ते कितीही मायेचं माणूस असो, तर त्याला आधी चहा टाकायला पाठवा.